गोळ्याला पडलेलं भोक

सोमवारी सकाळी साडेनऊला मी दुर्बिणीला उजवा डोळा लावला आणि अणूंच्या गोळ्याला मधोमध भोक पडलेलं दिसलं.

डोळा काढला, पुसला, परत लावला. भोक होतंच. काचेच्या पेटीत जिथे रोज वाटाण्याएवढा गुबगुबीत गोळा तरंगायचा, तिथे आज नुसतं कडं होतं, त्या अंधारात बघायच्या दुर्बिणीतून सगळंच दिसतं तसं हिरवट, आणि आत अंधार.

"काय झालं तुला?" मी मशीनला विचारलं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आलं की माणूस मशीनशी बोलायला लागतो. तळघरात ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून बरं.

पंधरा वर्षं झाली याला. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात आमची लॅब होती. खऱ्या धातूत इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत, चुकवत, अडवत कसे वागतात ते कुणाला दिसत नाही, आणि गणितानं सोडवायला गेलं तर मोठमोठे संगणक हात टेकतात. म्हणून आम्ही त्यांचं नाटक बसवायचो. इलेक्ट्रॉनांच्या जागी रुबिडियमचे अणू, धातूच्या जागी प्रकाश. अणू इतके थंड करायचे की त्यांची धावपळच थांबावी. मग समोरासमोरून लेझर सोडून प्रकाशाचे खड्डे तयार करायचे, अंड्यांच्या ट्रेसारखे. खड्डे उथळ असले की अणू या खड्ड्यातून त्या खड्ड्यात खुशाल हिंडतात. प्रकाश वाढवून खड्डे खोल करत गेलं की एका टप्प्यावर सगळे मुकाट्यानं आपापल्या जागी बसतात, एका खड्ड्यात एक. तो टप्पा नेमका कुठे येतो ते मोजायचं होतं. मोजणार होती शलाकाताई.

शलाकाताई म्हणजे माझी सीनिअर. शेवटच्या वर्षाला होती, आणि लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. पाच वर्षं खपून तिनं ते मशीन उभं केलं होतं. रविवारी ती नवऱ्याबरोबर कुलदैवताला, जोतिबाला, गेली आणि जाताना मला बजावून गेली, "ऋजू, रोज सकाळी गोळा गोल आहे का तेवढं बघ. गोल असेल तर चालू ठेव. कुठल्याही स्क्रूला हात लावू नकोस."

आणि आता गोळा गोल नव्हता.

लेझर वळवणाऱ्या आरशांचा कोन जरासा चुकला तर असं होतं, हे मला माहीत होतं. अणू मध्यभागी न थांबता कडेकडेनं फिरत राहतात. मी तासभर हात आवरून बसले. शनिवारी मीच तिच्याबरोबर किरणं जुळवायला होते. माझाच धक्का लागला असणार. पाच वर्षांचं तिचं काम आणि माझं कोपर. धाबं दणाणलं माझं. अकरा वाजता मी पहिला स्क्रू फिरवला.

गोळा डावीकडे सरकला. भोक मधोमधच. दुसरा फिरवला. गोळा वर गेला. भोक मधोमधच. संध्याकाळपर्यंत मी सहाही आरशांचे स्क्रू हलवून ठेवले होते, दुपारचा डबा तसाच होता, आणि पडद्यावर अणूंचा आकडा सकाळच्या निम्म्यावर आला होता. मशीन बिघडलंय की मी बिघडवतेय, हे मला कळेनासं झालं होतं. होस्टेलवर गेले, अंथरुणावर पडले, आणि शलाकाताईचा फोन आला तर काय सांगायचं याची वाक्यं जुळवत राहिले.

मंगळवारी सकाळी मुलाणी काका लॅबचं दार उघडून बसले होते. ते आमचे प्रयोगशाळा सहायक, साताऱ्याकडचे. दाराशी त्यांचं टेबल आणि टेबलावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. आत जाणाऱ्यानं घड्याळ, अंगठी, बांगडी, जे काही चमकतं ते त्या डब्यात टाकायचं. लेझरचा किरण धातूवर पडला तर कुठे उसळेल याचा नेम नसतो. काका कुणाचं ऐकायचे नाहीत. एका पाहुण्या प्राध्यापकांचा चांदीचा टायपिन त्यांनी काढून घेतला होता.

माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, "रुजुताताई, रातभर झोपला न्हाईसा काय?"

"काका, गोळ्याला भोक पडलंय."

"भोक?" ते उठून आत आले. गोळा पहिल्यांदा तरंगला तेव्हापासून तो रोज सकाळी बघणारा हा माणूस. दुर्बीण डोळ्याला लावली, थोडा वेळ पाहिलं. "बारीक झालाय बिचारा. वाकडाबी झालाय. पण भोक कुठाय?"

"मध्ये. मधोमध."

"न्हाई ओ. भरीव हाय."

मी त्यांच्या हातातून दुर्बीण जवळजवळ ओढूनच घेतली. उजवा डोळा लावला. कडं. आत काळोख. "हे काय, आहे की!"

काकांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ताई, दुसरा डोळा लावा जरा."

मी डावा डोळा लावला. गोळा भरीव होता. बारीक, वाकडा, मी दिवसभर पिळून पिळून केविलवाणा केलेला, पण भरीव.

काकांनी स्टूल पुढे सरकवलं. टेबलावर आलेखाच्या कागदांची वही होती. मी डावा डोळा हातानं झाकला आणि त्या चौकटींच्या मध्यावर उजव्या डोळ्यानं पाहिलं. कडेच्या रेघा सरळ होत्या. आत येता येता वाकत होत्या. आणि जिथे बघत होते तिथे काहीच नव्हतं. वर पाहिलं तर भोक वर, समोरच्या काकांकडे पाहिलं तर काकांच्या तोंडावर.

"कुणाला सांगू नका," मी म्हणाले.

"येड्यावानी बोलू नका. चला, रिक्षा बोलावतो."

डोळ्यांच्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी थेंब घातले, यंत्रातून आत पाहिलं, आणि मला विचारलं, "ग्रहण वगैरे पाहिलंत का? वेल्डिंग?"

"नाही."

"मग कुठल्या प्रकाशाकडे पाहिलंत?"

"जो दिसत नाही त्याच्याकडे," मी म्हणाले, आणि माझं मलाच रडू फुटलं.

खड्डे करणारा आमचा लेझर दिसत नसे. तो कुठून जातोय हे कळायला एक खास कार्ड धरावं लागायचं. किरण पडला की त्यावर नारिंगी ठिपका उमटायचा. गॉगल लावला की तो ठिपका धड दिसत नसे. म्हणून सगळेच गॉगल कपाळावर चढवायचे. मी, शलाकाताई, खुद्द आमचे गाइड नगरकर सरसुद्धा. शनिवारी दुपारी मी कार्ड धरून वाकले होते आणि पलीकडून शलाकाताईचा हात आरशाच्या स्क्रूकडे आला. त्या वेळी उजव्या डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं वाटलं होतं, केरकचऱ्यासारखं. मी डोळा चोळला आणि कामाला लागले. दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं भोक दुसरा भरून काढतो, त्यामुळे रविवारभर मला पत्ताच नव्हता.

"बरा होईल?" मी बाईंना विचारलं.

"थोडा भरून येईल कदाचित. पूर्ण नाही. वाढायला नको, इतकं बघू. आणि तुमच्या संस्थेला मला कळवावं लागेल."

"नका ना कळवू. मला लॅबमधून काढतील."

"आणि दुसरा डोळा गेल्यावर काय करतील?" असं म्हणून त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

मग मला जी सवय लागली ती आजतागायत सुटली नाही. दर थोड्या वेळानं डावा डोळा मिटायचा आणि भोक वाढलंय का बघायचं. रिक्षात, मेसमध्ये, आंघोळीला जाताना. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दिसतो का, ताटातली आमटीची वाटी दिसते का. जे बघावं तेच जायचं आणि आजूबाजूचं सगळं शाबूत. मला फक्त एक हवं होतं: माझी लॅब आणि तिच्यात काम करायला डोळे. त्यापलीकडे त्या दोन दिवसांत मी कशाचाही विचार केला नाही. खरं सांगते.

बुधवारी सकाळी शलाकाताई आली. अंगारा, प्रसादाची पुडी, गालावर उन्हाचा रापलेपणा. काकांनी दाराशीच तिला सगळं सांगितलं. ती धावत माझ्याकडे आली नाही. आधी जागच्या जागी उभी राहिली आणि तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

तिच्या हातांत पाटल्या होत्या. हिरवा चुडा तिनं घरच्यांची बोलणी खाऊन दहाव्या दिवशी उतरवला होता, पण या पाटल्या तिच्या सासूबाईंच्या लहान मापाच्या. लग्नात कासारानं साबण लावून कशाबशा चढवलेल्या. त्या निघेनात. शनिवारी सकाळी काकांनी दाराशी अडवल्यावर तिनं मनगट लाल होईपर्यंत ओढून दाखवल्या होत्या, आणि शेवटी काकांनी दोन्ही हातांवर काळी टेप गुंडाळून तिला आत सोडलं होतं.

"काका," ती म्हणाली, "वर्कशॉपात चला. कापा या."

"ताई, सोनं हाय. सासूबाईंचं हाय."

"कापा."

काकांनी बारीक पात्याची करवत घेतली, पाटलीखाली पुठ्ठ्याची पट्टी सरकवली आणि तिचा हात पकडीशेजारी टेकवून हळूहळू कापायला लागले. पुठ्ठ्यावर सोन्याची भुकटी पडत होती. काका मध्येच थांबून ती कागदात गोळा करायचे. तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मी दारात उभी होते.

"किती दिसतं?" तिनं मला विचारलं.

"कडेचं सगळं दिसतं. मधलं नाही."

"दुखतं?"

"नाही. दुखत अजिबात नाही."

"घरी काय सांगशील ताई?" मी विचारलं, नुसतं काहीतरी बोलायचं म्हणून.

"सांगेन, प्रयोगात गेल्या." ती हसली नाही. चौथी पाटली तुटून पकडीवर पडली, आणि तिची मनगटं एकदम लहान मुलीसारखी दिसायला लागली.

अकरा वाजता नगरकर सरांनी तिघांना खोलीत बोलावलं. कमी बोलणारा माणूस. रागावले की आवाज आणखी खाली जायचा. टेबलावर डॉक्टर बाईंचं पत्र होतं. सुरक्षा समितीला दुपारपर्यंत अहवाल जायचा होता.

"धातू अंगावर घालून आत जायचं नाही, हा नियम आहे," सर म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलाय."

"टेप लावली होती सर," शलाकाताई म्हणाली.

"म्या सोता गुंडाळली हुती," काका म्हणाले. "तीन येढे दिले हुते. घट. हातानं सोडवल्याबिगर सुटायची न्हाई, सर."

"मग सुटली कशी?"

गॉगलचं कुणी विचारलं नाही. सरांनी विचारलं नाही आणि आम्हीही काढलं नाही. फक्त टेपचा प्रश्न त्या खोलीत राहिला आणि मी टेबलावरच्या पत्रावर नजर खिळवली.

कारण ती टेप मी सोडवली होती.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी वरच्या जिन्याच्या पायरीवर डबे खात होतो. "बघू ना नक्षी," मी म्हटलं होतं, "काकांनी बँडेज बांधल्यासारखं केलंय." तिनं हसून हात पुढे केला. मी टेप सोडवली, चारही पाटल्या फिरवून फिरवून पाहिल्या. दोन्ही कडांना वेलबुट्टी होती आणि मधली पट्टी आरशासारखी गुळगुळीत. मला त्या फार आवडल्या. मग मी तीच टेप परत गुंडाळली, लोणच्याच्या तेलाचे हात नुसते रुमालाला पुसून. नवी टेप खाली काकांच्या टेबलावर होती. पण ती मागायला गेले असते तर काका ओरडले असते.

"नीट बसली का गं?" तिनं विचारलं होतं.

"बसली," मी म्हणाले होते.

आणि तासाभरानं तिचा हात स्क्रूकडे आला तेव्हा टेपचं टोक लोंबत होतं. ते मी पाहिलं होतं. आता एवढं जुळवून होऊ दे, मग सांगू, असं मनाशी म्हटलं होतं.

"कशी सुटली?" सरांनी पुन्हा विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण डोळ्यांसमोर आला तो संस्थेचा जिना, हातात बॅग, घरी जाणारी बस, आणि एका डोळ्याची पीएचडी सोडलेली मुलगी. मी तोंड मिटलं. शलाकाताईनं माझ्याकडे पाहिलं, एकदाच. तिला माहीत होतं. तिचाच तर हात होता.

"घामानं सुटली असेल सर," ती म्हणाली. "माझी चूक. मी आत जायलाच नको होतं."

सरांनी मान वर केली. आमच्या लॅबचं तापमान बारा महिने तेरा काळ एकवीस अंशांवर असायचं. अर्ध्या अंशानं हललं तरी किरणं हलायची. आम्ही मे महिन्यात स्वेटर घालायचो तिथे.

"एकवीस अंशात घाम?" सर म्हणाले.

"हो, सर."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी डॉक्टर बाईंच्या पत्राकडे बघत होते. काकांनी खिशातला रुमाल काढून उगाचच तोंड पुसलं. मग सरांनी पेन उघडलं.

तिला तीन महिने लॅबबंदी झाली. तिची शिष्यवृत्ती संपायला सहाच आठवडे होते. मोजमाप राहिलं ते राहिलंच. तिनं संगणकावरच्या आकडेमोडीवर प्रबंध पुरा केला आणि नाशिकला एका कॉलेजात शिकवायला गेली. मला कुणी काढलं नाही. उलट सगळे जपायला लागले. मी हलवलेले सहा आरसे मीच तीन महिने खपून परत जुळवले. पुढच्या वर्षी प्रकाश वाढवत नेला, आणि एका दुपारी अणू एकेक करून आपापल्या खड्ड्यात बसले, शलाकाताई म्हणायची तिथेच, जवळजवळ त्याच आकड्याला. लेखावर पहिलं नाव माझं आहे. त्याच लेखाच्या जोरावर आज माझी स्वतःची लॅब आहे, आणि दाराशी पत्र्याचा डबाही आहे. दर वर्षी नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना डोळ्याची गोष्ट सांगते. पाटल्यांचीही सांगते. टेप घामानं सुटली, असं सांगते.

पण मला आठवतो तो त्या बुधवारचा जिना. सरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर काका पुढे निघून गेले आणि आम्ही दोघीच राहिलो. ती तीन पायऱ्या खाली उतरली, थांबली, आणि माझ्याकडे वळली. काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी. मलाही कळत होतं की काय म्हणायचं. ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात मला भीती वाटली की भोक वाढलंय. दोन तास झाले होते, मी तपासलं नव्हतं. मी डावा डोळा मिटला आणि तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा गेला. केस होते, खांदे होते, कठड्यावर ठेवलेली दोन रिकामी मनगटं होती, त्यांवरचे लाल वळ होते. चेहऱ्याच्या जागी मात्र काही नव्हतं. मी नीट अंदाज घेतला. हनुवटी दिसत होती, कपाळाची कड दिसत होती. कालच्याइतकंच होतं, वाढलेलं नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं सुस्कारा सोडला.

डोळा उघडला तेव्हा ती खालच्या वळणावर पोचली होती.